गाण्याचे मोल की गाण्याचे भाडे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदाची बैठक भरली होती. मुलांनी सहा नवी गीते बसविली होती, त्यांचे ध्वनिमुद्रण व्हावे अशी साऱ्यांची इच्छा होती. मुद्रणानंतर ती गीते लोकांपर्यंत पोहोचवायची कशी, असा प्रश्न निघाला. तेव्हा एका मुलीने भीत भीत सुचविले, "फादर, एकेका गाण्याला पंधरा रुपये ठेवले तर? ज्याला हवे तो पैसे भरून उतरवून घेईल." तिचे वाक्य पुरे होण्याआधीच सभेत हशा पिकला. पाहुणे म्हणून आलेले एक सुविद्य गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, "अगं, गाणे विकत घेण्याचे दिवस कधीच संपले. महिन्याला शे-सव्वाशे रुपये भरले की जगातले सगळे संगीत खिशात. एका गाण्याला पंधरा रुपये देणे म्हणजे नदीकाठी बसून पाण्याची बाटली विकत घेणे!"

मुलगी खाली बसली. पुन्हा ती काही बोलली नाही.

त्या गृहस्थांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे मत हे एकट्याचे मत नसून आज ते लोकमत झाले आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. माझे म्हणणे प्रारंभीच स्पष्टपणे मांडतो. जे गाणे आपल्याला पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते, ते गाणे वेगळी किंमत मोजून विकत घेणे हा वेडेपणा नव्हे. किंबहुना आज उपलब्ध असलेल्या सर्व मार्गांमध्ये तोच मार्ग ऐकणाऱ्याला आणि गाणाऱ्याला अधिकात अधिक न्याय देणारा आहे. माझ्या काही अटी आहेत, त्या पुढे येतीलच.

फुकटाची किंमत कोण भरतो?

मी धर्मगुरू असल्यामुळे 'चोरी करू नका' एवढे सांगून हा विषय मिटवीन, अशी काही वाचकांची अपेक्षा असेल. मी मुद्दामच तो मार्ग घेत नाही. पापाचे भय घालून पटविलेली गोष्ट घराच्या उंबरठ्यापर्यंतच टिकते. त्याऐवजी मी डोळ्यांनी पाहिलेला एक हिशेब सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील गायकवृंदाने आठ गीतांची सीडी काढली. स्टुडिओ, वादक, छपाई मिळून सत्तर हजार रुपये खर्च आला. त्यांतले निम्मे वर्गणीतून उभे राहिले, निम्मे कर्जाऊ घेतले. सीडीची किंमत होती शंभर रुपये. पहिल्या रविवारी चर्चबाहेर मेज मांडून मुले उभी राहिली; महिनाअखेर एकशे साठ सीड्या खपल्या आणि मग विक्री थंडावली. पण गाणी मात्र थंडावली नाहीत! सणाच्या दिवशी मंडपात तीच गाणी, लग्नाच्या घरी तीच गाणी, रिक्षात तीच गाणी. नाक्यावरचा मोबाईलवाला दहा रुपयांत मेमरी कार्ड भरून देत होता आणि त्यात आमची आठही गाणी होती. लोक मला आनंदाने सांगत, "फादर, मुलांनी काय सुंदर गायले आहे हो!" त्या प्रत्येक प्रशंसेबरोबर आमच्या संगीत बसविणाऱ्या तरुणाचा चेहरा उतरत असे, कारण कर्जावर सही त्याची होती. ते त्याने पुढची अडीच वर्षे आपल्या पगारातून फेडले. नंतर त्याने एकही नवे गीत रचले नाही.

फुकटाची किंमत कोणीच भरत नाही, हा समज खोटा आहे. कोणी तरी ती भरतोच. बहुधा तो असा असतो, ज्याच्याजवळ देण्यासारखे फार काही नसते. मेमरी कार्ड भरून घेणाऱ्यांपैकी एकही मनुष्य दुष्ट नव्हता. त्यांच्यापैकी कित्येकांनी हवे असलेल्या एका गाण्यासाठी पंधरा रुपये सहज दिले असते. पण शंभर रुपयांची संपूर्ण सीडी किंवा दहा रुपयांचे मेमरी कार्ड यांच्यामध्ये तिसरी वाट आम्ही त्यांना ठेवलीच नव्हती. ही चूक लोकांइतकीच आमचीही होती.

नव्याण्णव सेंट

हीच चूक अमेरिकेतील बलाढ्य ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आमच्या आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर केली होती. १९९९ च्या जूनमध्ये नॅपस्टर नावाची व्यवस्था सुरू झाली आणि लोक एकमेकांच्या संगणकांवरील गाणी विनामूल्य घेऊ लागले. कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि २००१ च्या जुलैमध्ये नॅपस्टर बंद पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपन्यांनी 'प्रेसप्ले' आणि 'म्युझिकनेट' अशा स्वतःच्या सेवा सुरू केल्या. त्या कशा होत्या? महिन्याची वर्गणी भरा, गाणी ऐका. वर्गणी थांबली की गाणी मुकी! लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. म्हणजे आज ज्या भाड्याच्या व्यवस्थेचे आपल्याला नवलाईने कौतुक वाटते, तिचा पहिला अवतार लोकांनी नाकारला होता.

नंतर २८ एप्रिल २००३ रोजी ॲपल कंपनीने आपले आयट्यून्स दुकान उघडले. दोन लाख गाणी, आणि प्रत्येक गाण्याला नव्याण्णव सेंट. पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून अधिक गाणी विकली गेली. फुकट मिळत असूनही लोकांनी पैसे दिले, ही गोष्ट आमच्या पाहुण्यांनी नीट ध्यानात घ्यावी. लोकांना फुकटच हवे असते, हा सिद्धान्त त्या आठवड्यात खोटा ठरला. लोकांना वाजवी दर हवा होता, सोय हवी होती, आणि एका गाण्यासाठी नको असलेली नऊ गाणी गळ्यात पडायला नको होती. माझ्या सेमिनरीतील दिवसांत एका आवडत्या गीतासाठी संपूर्ण कॅसेट घेताना जी चुटपुट लागे, ती आठवली म्हणजे या तिसऱ्या अपेक्षेतील न्याय मला पुरेपूर पटतो.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांनी २६१ सामान्य नागरिकांवर खटले भरले. पुढे २००७ मध्ये मिनेसोटा राज्यातील एका महिलेला चोवीस गाण्यांबद्दल २,२२,००० डॉलर भरपाई देण्याचा निवाडा झाला, म्हणजे गाण्यामागे ९,२५० डॉलर! एका बाजूला गाण्याचे मोल शून्य मानणारे, दुसऱ्या बाजूला तेच मोल नऊ हजारांवर नेणारे. या दोन टोकांच्या मध्ये नव्याण्णव सेंटची किंमत ही मला विवेकाची किंमत वाटते.

भाड्याचा हिशेब

आता आमच्या पाहुण्यांचा खरा मुद्दा: भाडे स्वस्त पडते. पडते का? महिना १२० रुपये धरू. वर्षाचे १,४४० रुपये झाले. पंधरा रुपये दराने इतक्या पैशांत ९६ गाणी आली असती. दहा वर्षांचे १४,४०० रुपये झाले, म्हणजे ९६० गाणी. दहा वर्षांनंतर विकत घेणाऱ्याजवळ ९६० गाणी आहेत. भाडेकरूजवळ अकराव्या वर्षाचे बिल आहे. वाचकहो, प्रामाणिकपणे सांगा, आपण आयुष्यात मनापासून पुन्हा पुन्हा ऐकतो अशी गाणी किती? मी एकदा वहीत यादी केली. दोनशे दहावर येऊन थांबलो. त्यांच्यासाठी ३,१५० रुपये पुरे आहेत, तेही आयुष्यातून एकदाच.

ज्याला रोज नवे ऐकायचे आहे, ज्याचा तो अभ्यास किंवा व्यवसाय आहे, त्याने अवश्य वर्गणी भरावी. वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. पण वाचनालय आहे म्हणून घरात एकही पुस्तक नसावे, असे कोणी म्हणत नाही.

शिवाय ही नदी बारमाही वाहते, हे तरी कोणी सांगितले? 'रेसो' ही सेवा जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झाली. त्याच वर्षी एअरटेलने आपली 'विंक' ही संगीतसेवा गुंडाळण्याचे जाहीर केले. सेवा गेली की तिच्या पोटात साठविलेली गाणीही गेली. कंपन्यांचे आपसातील करार संपले म्हणजे चालू सेवेतूनही गाणी एका रात्रीत नाहीशी होतात. काल जे आपले वाटत होते ते आज दिसत नाही, आणि तक्रार करायला जागा नाही, कारण ते आपले कधी नव्हतेच.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: भाड्याचे पैसे जातात कोठे? अनेकांची समजूत अशी की, मी महिनाभर ज्या गायकाला ऐकले त्याला माझी वर्गणी मिळते. मोठ्या सेवांची रूढ रीत तशी नाही. सर्वांची वर्गणी एका मोठ्या हौदात जमा होते आणि एकूण श्रवणांतील ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे वाटली जाते. तुम्ही महिनाभर फक्त आपल्या गावच्या भजनीबुवांना ऐकले, तरी तुमच्या पैशांतला सिंहाचा वाटा ज्याचे नावही तुम्हाला ठाऊक नाही अशा लोकप्रिय गायकाच्या कंपनीकडे जातो. त्यात भर म्हणून स्पॉटिफाय या सेवेने २०२४ पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत ज्या गाण्याला एक हजार श्रवणे लाभली नाहीत, त्याच्या ध्वनिमुद्रणाला हौदातून काहीच मिळणार नाही.

आता हा नियम आमच्या गायकवृंदाला लावून पाहा. समजा, धर्मग्रामातील चारशे माणसांनी आमचे एक गीत वर्षातून दोनदा ऐकले. श्रवणे झाली आठशे. मिळकत: शून्य. याउलट त्या चारशेंपैकी केवळ चाळीस जणांनी ते गीत पंधरा रुपयांना विकत घेतले, तर सहाशे रुपये जमतात. सहा गीतांचे तीन हजार सहाशे. ही रक्कम लहान आहे, पण ती खरी आहे, आणि ज्यांनी गायले त्यांच्यासाठीच ती दिलेली आहे. ज्या मुलीच्या सूचनेवर सभा हसली, तिचे गणित सभेपेक्षा पक्के होते.

थोर, लोकप्रिय गायकांना भाड्याची पद्धत परवडते. लाखो श्रवणांतून त्यांचे भागते. मरण होते ते लहान भाषेचे, लहान गावाचे, लहान गायकवृंदाचे. आपण मराठी माणसे, त्यातून बोलीभाषांतून गाणारी माणसे, कोणत्या बाजूला आहोत हे सांगण्याची गरज आहे काय?

कुलुपाचा आक्षेप

एक आक्षेप मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो: पैसे देऊन उतरविलेले गाणे तरी खरोखर माझे होते का? दीर्घकाळ ते होत नव्हते. आयट्यून्सची सुरुवातीची गाणी कुलूपबंद असत. काही ठरावीक संगणकांपलीकडे ती वाजत नसत, आणि त्यांचा दर्जाही सीडीपेक्षा उणा असे. २००७ मध्ये ईएमआय कंपनीची गाणी कुलुपाविना मिळू लागली, पण १.२९ डॉलरला. ज्यांनी जुने गाणे आधीच विकत घेतले होते, त्यांना कुलूप काढण्यासाठी आणखी तीस सेंट मोजावे लागले. आपल्याच घराची किल्ली पैसे देऊन सोडवून घ्यायची! जानेवारी २००९ मध्ये मात्र ॲपलने गाण्यांवरील कुलपे काढण्याचे जाहीर केले आणि त्या वर्षी ती निघाली.

मायक्रोसॉफ्टने तर २००८ मध्ये आपल्या बंद पडलेल्या एमएसएन म्युझिक दुकानाच्या ग्राहकांना कळविले की, ऑगस्टअखेर नंतर नव्या संगणकावर त्यांची गाणी उघडण्याची परवानगी मिळणार नाही. ओरड झाली, तेव्हा ती मुदत २०११ अखेरपर्यंत वाढविली. विकत घेतलेल्या वस्तूला मुदत! आणि पुनर्विक्रीचे काय? जुने पुस्तक, जुनी कॅसेट आपण विकू शकतो, भाच्याला देऊ शकतो. रीडिजी नावाच्या अमेरिकन कंपनीने वापरलेली डिजिटल गाणी विकण्याचा उद्योग मांडला, तेव्हा २०१३ मध्ये आणि पुन्हा अपिलात २०१८ मध्ये तेथील न्यायालयांनी तो बेकायदा ठरविला.

हे सारे खरे आहे. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष 'विकत घेऊ नका' असा नसून 'कुलूपबंद वस्तू विकत घेऊ नका' असा आहे. दुकानदाराचे माप खोटे निघाले म्हणून कोणी धान्य खाणे सोडत नाही, मापाबद्दल भांडतो. असे भांडण सफल होते, हेही दिसून आले आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यान्वये, ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याविना 'विकत घ्या' हा शब्द वापरता येत नाही. कायमची उतरवून घेता येणारी वस्तू मात्र त्या बंधनातून मुक्त आहे. कायद्यानेच विक्री आणि भाडे यांतील भेद ओळखला. आपण का ओळखू नये?

दुसरा आक्षेप असा की, गाण्याचे पैसे तरी कलावंताला कोठे मिळतात? अमेरिकेत नव्याण्णव सेंटपैकी साधारण तीस टक्के दुकानाचे, उरलेले ध्वनिमुद्रण कंपनीचे. त्यातून गीत रचणाऱ्यांच्या वाट्याला कायद्याने २००६ पासून ९.१ सेंट येत. वाटा लहान होता, पण तो निश्चित होता आणि प्रत्येक विक्रीमागे होता. आपल्याकडेही २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना मानधनातील समान वाट्याचा असा हक्क दिला, जो त्यांच्याकडून कोणा कंपनीला लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत केलेली रदबदली प्रसिद्ध आहे. ज्याला मधला मनुष्य नकोच असेल, त्याच्यासाठी बँडकॅम्पसारखी ठिकाणे आहेत. तेथे कलावंत स्वतः किंमत ठरवितो, डिजिटल विक्रीवर दुकान साधारण दहा ते पंधरा टक्के घेते, आणि गाणे कुलुपाविना हातात पडते.

आपण पैसे देतच होतो

शेवटचा आक्षेप आपल्या स्वभावाचा: "आपली माणसे गाण्याला पैसे देणार नाहीत, फादर." हे ऐकले की मला कॉलर ट्यूनची आठवण होते. महिन्याला तीस रुपये आणि गाण्याचे वेगळे पंधरा रुपये भरून आपल्या लक्षावधी बांधवांनी असे गाणे विकत घेतले, जे त्यांना स्वतःला कधी ऐकूच येत नव्हते! फोन करणाऱ्याने ते अर्ध्या मिनिटासाठी ऐकायचे. म्हणजे पैसे होते आणि हौसही होती. सोय मात्र फक्त तेथेच होती, कारण रक्कम मोबाईलच्या शिल्लकेतून आपोआप वळती होई.

फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचे गाण्यांचे दुकान उघडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आयट्यून्सही भारतात आले आणि दहा-पंधरा रुपयांत गाणे मिळू लागले. फ्लाइट जून २०१३ मध्ये बंद झाले. चालकांनी जी कारणे सांगितली त्यांत दोन प्रमुख होती: गाण्यांची चोरी, आणि लहान रकमा भरण्याची सोय नसणे. दहा रुपयांसाठी कार्डाचे सोळा आकडे कोण भरणार? २०१६ मध्ये यूपीआय आले. आज चहावाला दहा रुपये आणि भाजीवाली वीस रुपये मोबाईलवर घेते. ज्या अडचणीने ते दुकान बुडाले, ती अडचण राहिली नाही. राहिली आहे ती फक्त आपली सवय. जो मनुष्य पंधरा रुपयांचा वडापाव खाताना क्षणभर विचार करीत नाही, तो वीस वर्षे सोबत करणाऱ्या गीतासाठी तेवढेच पैसे देताना स्वतःला फसविला गेलेला समजतो, याला हिशेबीपणा म्हणावे काय?

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. किंमत मोजताना मनुष्य निवड करतो. हे गाणे मला हवे आहे का, उद्याही हवे असेल का, असे तो स्वतःला विचारतो. सगळे जगच खिशात असले की काहीच हातात घ्यावेसे वाटत नाही. अर्धे ऐकून पुढे सरकण्याची खोड जडते. माझ्या दोनशे दहा गीतांची यादी करताना मला जे सुख लाभले, ते त्या अथांग भांडारात भटकताना कधी लाभले नाही.

म्हणून माझ्या अटी अशा: गाणे कुलुपाविना मिळाले पाहिजे, गाणाऱ्याला काय मिळते हे दुकानाने सांगितले पाहिजे, आणि विकत घेतलेल्या गाण्याची एक प्रत आपण स्वतः निराळी जपून ठेवली पाहिजे. या तीन गोष्टी पाळल्या जात असतील, तर गाण्याला पंधरा रुपये देणे हा सौदा फायद्याचा आहे. त्या पाळल्या जात नसतील, तर भांडावे, पण फुकटाकडे वळू नये.

गायकवृंदाची पुढील बैठक येत्या महिन्यात आहे. त्या मुलीने पुन्हा आपली सूचना मांडावी असे मी तिला सांगितले आहे. सभा पुन्हा हसली तर निदान एक ग्राहक तेथे हजर असेल. सहाही गीतांचे नव्वद रुपये मी बाजूला काढून ठेवले आहेत.